नीरफणस निळा पडला, त्याची खरी हकीकत

फांगालेलेई, सवाई बेट
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आमच्या घराण्याची शान, आई गेल्यावर आईच्या जागी असलेली, ऑकलंडच्या थंडीत एकटी राहूनही कुणापुढे हात न पसरलेली माझी थोरली बहीण मातिले, हिला धाकटा भाऊ आपेरामो याचं अदबीनं वंदन.

ताई, तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याचं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. डाव्याबद्दल चकार शब्द नाही, त्यामुळे मला त्याचीच जास्त काळजी.) रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना? मांजर सापडली का? देवाच्या दयेनं इकडे सर्व कुशल आहे. पाऊस बेताचा, तारोचे कंद भरपूर, छपराचे पत्रे मागच्या वादळातही जागचे हलले नाहीत. माझी तब्येत उत्तम. सत्तरीला टेकलो तरी नारळ अजून स्वतः सोलतो. (मागच्या महिन्यात एकदा अंगठा सोलला, पण त्याला नारळ जबाबदार होता.)

आता मूळ विषय. तुमच्याकडच्या चर्चमध्ये आपल्या गावची माणसं येतात, आणि बोटीपेक्षा बातमीला वेग जास्त असतो. तेव्हा 'आपेरामोनं पाद्रीसाहेबांच्या घरच्या पाहुण्यांना विष घातलं' हे तुझ्या कानावर एव्हाना आलंच असणार. ताई, ते विष नव्हतं. म्हणजे खाल्लं असतं तर बरं झालं नसतं, हे कबूल. पण कुणी खाल्लं नाही, आणि घातलं मी नव्हतं. सगळं क्रमवार सांगतो, कारण या प्रकरणाचा तुझ्याशी जितका संबंध आहे तितका गावात दुसऱ्या कुणाशी नाही.

आपल्या शाळेतली विज्ञानाची बाई, सेउतातिया, तिला जुळं झालं. आनंदाचीच गोष्ट. पण जुळं झाल्यामुळे रजाही दुप्पट हवी असं तिनं मुख्याध्यापिकेला सांगितलं आणि मुख्याध्यापिका थेट माझ्या दारात. "मास्तर, दोनच महिने. तुम्ही एकतीस वर्षं राजधानीत, आपियाला शिकवलंत, तुम्हाला काय अवघड? एकच धडा राहिलाय." मी धडा उघडून पाहिला. 'सजीवांतील महारेणू.' कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिक आम्लं. ताई, मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ती चार नावं वाचली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मुख्याध्यापिकेनं त्याचा अर्थ होकार असा घेतला.

तुला आठवतात का तानिएलू मास्तर? आठवतात का, हे काय विचारणं झालं! १९६७ साल, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली, लहानथोरांचा एकच वर्ग असलेली शाळा, चारी बाजूंनी वारा, आणि मास्तरांची ती एकुलती एक आयोडीनची बाटली. ती ते रुमालात गुंडाळून घरी नेत आणि सकाळी परत आणत, जणू चर्चचा चांदीचा पेला. थेंब टाकायचा मान पाळीपाळीनं मिळायचा आणि तुझी पाळी आली की वर्ग पुढे सरकायचा, कारण तू नुसता थेंब टाकून थांबायची नाहीस, तू विचारायचीस. मास्तरांनी आपल्याला तीन शिकवली. चौथ्याची वेळ आली तेव्हा न्यूझीलंडहून नवीन पुस्तक आलं होतं. त्यात दोन वेल एकमेकांना पीळ घालून बसल्यासारखं चित्र होतं. मास्तरांनी ते सरळ धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, आणि पुस्तक मिटून म्हणाले, "मुलांनो, हे चौथं. मला काही समजलेलं नाही. ज्याला समजेल त्यानं मला येऊन सांगावं." तेव्हा तू उभी राहिलीस आणि विचारलंस, "मास्तर, पपईच्या बीतून पपईच का येते? तारो का येत नाही? बी तर एवढीशी, तिला कसं कळतं?" मास्तरांनी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाले, "मातिले, बहुतेक तेच ते चौथं."

(त्यानंतर मी हा धडा एकतीस वर्षं शिकवला. चौथं दर वर्षी फळ्यावर काढलं, रंगीत खडूंनी. पण ताई, प्रत्यक्ष डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपियाच्या शाळेतही नाही. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.)

तर मी ठरवलं की शिकवायचं ते तानिएलू मास्तरांसारखं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला शिजलेल्या तारोचा तुकडा दिला आणि सांगितलं, गिळायचं नाही, चावत राहायचं. पिष्ट म्हणजे साखरेच्याच कड्यांची लांब साखळी. लाळेतलं एक प्रथिन ती साखळी तोडतं, आणि थोड्या वेळानं तारो गोड लागायला लागतो. सत्तावीस पोरं, कुणी बोलत नाही, सगळी चावताहेत आणि छताकडे बघताहेत. तेवढ्यात मुख्याध्यापिका दाराशी आली, पाहिलं, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी प्रथिनं. ओकासाठी कच्च्या मासळीवर लिंबू पिळलं की ती चुलीवर न चढताच पांढरी का होते, तर लिंबाच्या आंबटपणानं प्रथिनांच्या घड्या उलगडतात. (हा प्रयोग आम्ही नारळाचं दूध घालून पूर्ण केला. शास्त्रात काही वाया घालवू नये.) तिसऱ्या दिवशी मेद. कागदावर नारळाचं दूध चोळायचं, डाग पारदर्शक झाला तर तेल आहे. कागद कुठला घ्यायचा हे सांगायला मी विसरलो. एका पोरानं गीतपुस्तकाचं पान घेतलं. आता त्या पानावर दोन गाणी एकदम दिसतात आणि त्याच्या घरचा सगळा गोतावळा रविवारी मध्येच दुसऱ्याच चालीत शिरतो.

इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती माझी. दवाखान्यातल्या नर्सनं, एमेलेनं, मला आयोडीन भरपूर दिलं होतं, म्हणून मी प्रत्येक बाकाला एक छोटी बाटली दिली आणि शुक्रवारी म्हणालो, "घरी जे जे पिष्ट असेल ते शोधा आणि वहीत लिहून आणा." थोडासा तुकडा वेगळा काढून त्यावर टाका, हे माझ्या मते सांगायची गरज नव्हती. पण वर्गात लेईतू होती.

लेईतू म्हणजे पाद्रीसाहेबांची मुलगी, तेरा वर्षांची, दोन वेण्या, आणि सांगितलेलं काम अर्धवट सोडायचं नाही हा स्वभाव. त्या रविवारी पलीकडच्या जिल्ह्यातून पाद्रीसाहेबांचे गुरुजी आणि त्यांच्यासोबत बाराजण आले होते. गावानं पहाटेपासून उमूच्या भट्टीचे दगड तापवले होते. प्रार्थना सुटल्यावर आम्ही मताई मंडळी, म्हणजे घराण्यांचे बिरुदवाले प्रमुख, खांबाखांबाला टेकून बसलो, मधोमध केळीच्या पानांनी झाकलेली ताटं, आणि पाद्रीणबाईंनी तीन दिवस खपून केलेला तीन मजली केक. आशीर्वाद झाला. पानं उचलली.

ताई, नीरफणस काळानिळा. तारो काळानिळा. कच्ची केळी उकडलेली, ती काळीनिळी. केकचे तिन्ही मजले, प्रत्येकावर टपोरा निळा ठिपका. मग आपले गावप्रमुख असोमुआ यांनी भाल्यासारखं बोट रोखून विचारलं, "ही कसली कीड?"

आणि मागून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, स्वच्छ खणखणीत आवाज आला, "कीड नाहीये ती. पिष्ट आहे! मासळीत नाही, डुकरात नाही, बाकी सगळ्यात आहे. मी लिहून ठेवलंय."

पाद्रीणबाईंनी केकवर पुन्हा पान झाकलं. पाहुण्या गुरुजींनी विचारलं, "हे कुणी शिकवलं या पोरीला?" सगळ्यांनी माना वळवल्या, आणि त्या बाजूला मी एकटाच बसलो होतो. पाहुण्यांनी मग मासळी आणि डुक्कर एवढंच, थेंब पडलेला भाग कापून, खाल्लं, ते मात्र हाडापर्यंत. गावाच्या वाट्याला निळा नीरफणस उरला. तो आम्ही पुरला.

सोमवारी गावसभा. मला दाराजवळच्या खांबाशी बसवलं, म्हणजे आरोपीच्या जागी. असोमुआ म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय? रंगकाम?"

"पदार्थ कशाचे बनलेत ते शिकवतो."

"नीरफणस नीरफणसाचा बनलाय. हे माझ्या आजोबांना शाळेत न जाता ठाऊक होतं."

सभा हसली. मला एक मोठं डुक्कर दंड झाला. ते मी मान्य केलं, कारण न्याय होता. तिथंच संपायचं. पण पाद्रीसाहेब बोलायला लागले. आवाज चढवला नाही. त्या माणसाचा स्वभाव वाईट नाही, ताई, पण गुरुजींपुढे मान खाली गेली होती. म्हणाले, "लेईतू उद्यापासून विज्ञानाच्या तासाला बसणार नाही. आईबरोबर महिला मंडळात चटया विणेल. मुलीला आहे तेवढं शिक्षण पुरे."

तुला सांगतो, शब्द तेच. आपल्या बाबांनी ओट्यावर बसून, सुरीनं काठी तासत, वर न बघता म्हटले होते तेच. "मातिलेला एवढं शिक्षण पुरे. घरात तिची गरज आहे. आपियाला आपेरामो जाईल." तू उठलीस आणि माझ्यासाठी शर्ट शिवायला घेतलास. आणि मी? मी तेरा वर्षांचा, मला त्या शर्टाच्या खिशाचा आनंद झाला होता. गावात एवढे मताई होते, एकानं तोंड उघडलं नाही. पुढे तू ऑकलंडला गेलीस, चौतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभी राहिलीस, आणि मी पिष्ट आणि साखर शिकवायला लागलो. (तुझ्या गुडघ्यांबद्दल मी दर पत्रात विचारतो ते काही उगाच नाही.)

तर मी सभेत उठलो. माझा बोलायचा क्रम नव्हता. माझं बिरुद इतकं धाकटं आहे की माझा क्रम येईपर्यंत बहुधा सभा संपते. म्हणालो, "तीन गोष्टी तुम्ही पाहिल्या. चौथी दाखवू द्या. ती पाहून मग मुलीचं ठरवा." असोमुआंना बहुतेक कंटाळा आला होता आणि करमणूक हवी होती. त्यांनी गुरुवार दिला.

चौथ्यासाठी लागते पिकलेली पपई, मीठ, भांड्यांचा साबण आणि बर्फासारखं थंड स्पिरिट. आपल्या गावात दारूबंदी. एमेलेनं दवाखान्यातलं स्पिरिट सरबताच्या बाटलीत भरून दिलं, ती मी मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेवली, आणि सभाघराशी पोचलो तर पहाऱ्यावरच्या पोरांनी पेटी उघडून बाटली हुंगली. पुढची पंधरा मिनिटं मी लिहीत नाही. तू बहीण आहेस, तुझ्यासमोर भावाची अशी अवस्था वर्णन करणं बरं दिसत नाही. शेवटी एमेले स्वतः येऊन साक्ष देऊन गेली.

आणि ताई, मग माझं फसलं. पपई कुस्करली, मीठ-साबण घातला, फडक्यातून गाळलं, इथवर सुरेख. पण स्पिरिट घाईनं ओतलं आणि ते सगळं भसकन आत. पेल्यात गढूळ केशरी पाणी. बाकी काही नाही. असोमुआंनी वाकून पाहिलं. "मास्तर, हे चौथं? हे तर आमच्या ओढ्याला पूर आला की रोज दिसतं." सभा गडगडली. एकतीस वर्षं रंगीत खडू, आणि शेवटी ओढ्याचं पाणी. मला वाटलं, खांबात शिरावं.

तेवढ्यात बाहेरून, पायरीपाशी बायका बसल्या होत्या तिथून, आवाज आला. "सर, हळू ओतायचं. कडेनं. धड्यात दिलंय." आणि लेईतू आत आली. गावसभेत, मताईंच्या मधून, कंबरेत वाकून, पण आली. पाद्रीसाहेब "लेईतू!" म्हणाले, पण तोवर ती गुडघे टेकून बसली होती. उरलेली पपई घेतली, पुन्हा सगळं केलं, आणि हात चालत असताना बोलत होती, जणू घरी भांडी घासताना आईशी बोलावं. "प्रत्येक पेशीभोवती तेलाचा पडदा असतो. साबणानं भांड्याचं तेल निघतं ना, तसा तो निघतो. मग आतलं बाहेर येतं. मीठ त्याला गोळा व्हायला मदत करतं. आणि स्पिरिटमध्ये ते विरघळत नाही, म्हणून वर येतं." पेला तिरका धरला आणि स्पिरिट कडेनं, थेंबाथेंबानं सोडलं.

आणि ते आलं. पांढरे धागे. कापसाच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात ना, तसे हलके, केशरी पाण्यातून वर चढत होते. तिनं माडाच्या झावळीच्या हिरावर ते गुंडाळून उचलले. ताई, मी सत्तर वर्षांचा माणूस, पण माझी मान आपोआप डावीकडे वळली. वर्गात तू डावीकडे बसायचीस. तिथं असोमुआंचा गुडघा होता.

"हे काय?" असोमुआ हळूच म्हणाले.

"पपईनं पपई कसं व्हायचं, ते यात लिहिलेलं असतं," लेईतू म्हणाली. " आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं, त्यांना त्यांच्या आईबापांकडून."

"म्हणजे वंशावळ?" असोमुआ ताठ बसले. "एवढीशी? आमची म्हणायला घेतली तर सकाळची दुपार होते."

"तुमच्यातही आहे. तुमची पपईपेक्षा लांब आहे."

असोमुआंनी सगळ्या सभेकडे असं पाहिलं की जणू हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मग पाद्रीसाहेब बोलले. तो प्रश्न आला तेव्हा मी डोळेच मिटले. "आणि लेईतू, हे त्यात लिहिलं कुणी?"

लेईतूनं हिरावरचा धागा पाहिला, बापाकडे पाहिलं. "ते आमच्या धड्यात नाहीये, बाबा. ते तुम्ही रविवारी सांगा."

आधी असोमुआ हसले, पोट धरून. मग सगळे. पाद्रीसाहेबांनी ओठ घट्ट मिटून ठेवले होते, पण खांदे हलत होते. असोमुआ डोळे पुसत म्हणाले, "या पोरीला चटया विणायला बसवलंत तर ती चटईचाही रस काढेल. शिकू द्या तिला. दंडाचं डुक्कर मात्र मास्तरांनी द्यायचं. आणि आयोडीनची बाटली शाळेबाहेर आणायची नाही." झालं. पहिली दोन वाक्यं, ताई. १९६७ साली एवढ्याच दोन वाक्यांची गरज होती.

घरी येताना मी तानिएलू मास्तरांच्या थडग्यापाशी थांबलो. त्यांनी सांगितलं होतं, ज्याला समजेल त्यानं येऊन सांगावं. मी सांगितलं. (समजलं असं म्हणणार नाही. दिसलं, एवढंच सांगितलं.) थडग्यावर तण वाढलं होतं, ते काढलं. आता अंधारायच्या आत बसवाल्याला हे पत्र द्यायचं आहे. देव तुला सुखी ठेवो, गुडघ्यांसह.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
आपेरामो

ता. क. सोबत कोको पाठवला आहे. घरीच भाजला आहे. जरा जास्त भाजला गेला. पिऊन बघ.

ता. क. आणखी एक किरकोळ गोष्ट. लेईतूला पुढच्या वर्षी ऑकलंडच्या शाळेत घालायचं ठरतंय आणि राहायला घर हवं आहे. पाद्रीसाहेब तयार झाले, कारण मी त्यांना सांगितलं की तू आधीच तयार झाली आहेस. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिला विमानतळावर घ्यायला जाशील ना? मुलगी कमी खाते. प्रश्न मात्र फार विचारते.

ता. क. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, म्हणून शेवटी लिहितो. १९६७ सालच्या परीक्षेत मी तुझ्या कागदावरून उतरवलं होतं. सगळं. 'प्रथिन' हा शब्द तू चुकवला होतास, तो मीही तसाच चुकवला. दोघांना सारखे गुण पडले, आणि सारखे पडले म्हणून बाबांनी मुलाला पाठवलं. मी माझं माझं लिहिलं असतं तर तू खूप पुढे असतीस. इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नाही. तो कागद माझ्या बाजूला सरकला होता, की तू सरकवला होतास? पत्रातून कळवू नकोस. लेईतूला सांग, ती मला सांगेल. ती खोटं बोलत नाही.